कालिकतच्या देवघरात सैतान नव्हता

भुताखेतांच्या व्हिडिओंत सैतानांच्या याद्या असतात. त्यांत ‘देउमो’ किंवा ‘देउमुस’ हे नाव सापडतं: मलबारचे लोक पूजत तो भारतीय सैतान, डोक्यावर चार शिंगं, पाय कोंबड्याचे. आमच्या धारूरच्या पोरांच्या हातातही तेच मोबाइल आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. आपल्या कोणत्याही पुराणात, कोणत्याही देवळात या नावाचा सैतान नाही.

मग तो आला कुठून? लुदोविको दी वार्थेमा या इटालियन प्रवाशाच्या पुस्तकातून. ते 1510 मध्ये रोमला छापलं गेलं. चौल, दाभोळ, गोवा बघत हा माणूस कालिकतला पोहोचला होता. तिथल्या राजाच्या देवघरात धातूचा सैतान बसलेला आहे, पोपसारखा तीनमजली मुकुट घालून तो माणसांचे आत्मे खातो, असं त्यानं लिहिलं. पण पुढे तोच सांगतो की, ब्राह्मण रोज सकाळी त्या मूर्तीला सुगंधी पाण्यानं न्हाऊ घालतात, धूप दाखवतात, नमस्कार करतात. अभिषेक आणि धूपआरती आपण लगेच ओळखतो. त्याला मात्र समोरची पूजा दिसली, देव दिसला नाही. सुळे आणि वटारलेले डोळे म्हणजे सैतान, हे त्याच्याकडच्या चर्चमधल्या नरकाच्या चित्रांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

सगळ्या घोळाचं मूळ इथं आहे. आपल्याकडे उग्र रूप हे बहुधा रक्षण करणाऱ्याचं असतं. धारूरशेजारच्या अंबाजोगाईची योगेश्वरी दंतासुराला मारणारी म्हणून पुजली जाते. नृसिंहाचे सुळे हिरण्यकशिपूसाठी आहेत, प्रल्हादासाठी नाहीत. वार्थेमानं पाहिलेली मूर्ती कुणाची, हे त्याच्या वर्णनावरून ठरवता येत नाही. मला ती नृसिंहाची असावी असं वाटतं.

‘चित्र आहे म्हणजे कुणीतरी बघूनच काढलं असणार’ हा समज तर अगदीच चुकीचा. वार्थेमाच्या पुस्तकाच्या 1515 च्या जर्मन आवृत्तीसाठी योर्ग ब्रॉय या चित्रकारानं लाकडी ठशांची चित्रं केली ती आउग्सबुर्गात, केवळ मजकूर वाचून. 1596 मध्ये लिन्सखोटेन या डच प्रवाशानं गोव्याजवळच्या एका मूर्तीचं वर्णन केलं, तर तिच्याही डोक्यावर पोपचा तोच तीनमजली मुकुट! गोव्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसालाही जुन्या पुस्तकातलं चित्र पुसता आलं नाही.

हे सगळे जाणूनबुजून खोटं बोलले, असंही म्हणता येणार नाही. कलेचे इतिहासकार पार्थ मित्तर यांनी 1977 च्या आपल्या ग्रंथात हा प्रवास उलगडून दाखवला आहे. अनोळखी मूर्तीसाठी युरोपकडे तयार साचा होता तो राक्षसाचा, आणि प्रत्येक नवा लेखक आधीच्याचं वाचून तोच साचा वापरत गेला.

कोलां द प्लांसीच्या सैतानकोशाची सचित्र आवृत्ती 1863 मध्ये पॅरिसला निघाली, तीत लुई ल ब्रतोंनं देउमुस नव्यानं रेखाटला. आज व्हिडिओंत फिरतं ते बहुतेक हेच चित्र. कालिकतची ती मूर्ती ल ब्रतोंनंही पाहिलेली नव्हती.