मोफत पुस्तक, घरचा फोन

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते वर्गातल्या गरजेतून. २०२० चे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाले. आज असे कोड एनसीईआरटीच्या पुस्तकांतही छापलेले असतात.

मी राहतो त्या दिल्लीतील मुनिरका गावात एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहते आणि घरातला एकुलता स्मार्टफोन सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुपारी पडलेला गृहपाठ मुलीला दिसतो तो रात्री. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेट असलेली कुटुंबे शहरांत ४२ टक्के आणि ग्रामीण भागात १५ टक्के होती. हे प्रमाण नंतर वाढले, हे खरेच. परंतु असली पाहणी कुटुंबे मोजते, फोन कोणाच्या हाती असतो हे नव्हे.

सरकारी शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तक मोफत मिळते. त्याच पानावरचा कोड उघडण्याचे साधन मात्र पालकांनी आणायचे, ही विसंगती धोरणकर्त्यांना खटकत कशी नाही? कोड वर्गातच, शाळेच्या साधनावर उघडला जावा. आणि केवळ फोनवरून गृहपाठ देण्यास शिक्षण विभागाने लेखी मनाई करावी.