किरणोत्सर्गाचा प्रकार आणि गुणसूत्रांचा भंग

किरणोत्सर्गाची मात्रा म्हणजे ऊतकाच्या एकक वस्तुमानात शोषिली गेलेली ऊर्जा होय. ती ऊर्जा ऊतकात कशी विखुरली गेली याचा या व्याख्येत काहीच निर्देश नसतो. गुणसूत्रांच्या दृष्टीने मात्र महत्त्व त्या विखुरण्यालाच असते.

कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची १ ग्रे मात्रा मिळाली असता मानवी पेशीकेंद्रकातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मार्गांची संख्या हजाराच्या घरात असते. अल्फा कणांच्या बाबतीत तेवढीच मात्रा तीनचार कणच देऊन जातात. गॅमा किरणांनी डीएनएच्या दोन्ही पदरांत होणारे भंग प्रत्येक ग्रेला सुमारे ४० भरतात. अल्फा कणांनी होणाऱ्या भंगांची संख्या याहून फार वेगळी नसते. भेद आहे तो त्यांच्या स्वरूपात. अल्फा कणाच्या मार्गावर आयनीभवन इतके दाट असते की एकाच ठिकाणी अनेक इजा एकवटतात व त्यांची दुरुस्ती पेशीला नीटपणे साधत नाही.

दोन गुणसूत्रे तुटून त्यांची टोके चुकीने जुळली, तर दोन गुणसूत्रबिंदू असलेले द्विकेंद्री गुणसूत्र निर्माण होते. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेत हे दोन्ही भंग बहुधा एकाच इलेक्ट्रॉनाने घडविलेले असतात; मात्रा वाढली की ते दोन निरनिराळ्या इलेक्ट्रॉनांनी घडण्याचा संभव वाढतो, आणि म्हणून आलेख वर वळतो. तीच मात्रा काही दिवसांवर विभागून दिल्यास पहिला भंग दुसऱ्यापूर्वीच सांधला जातो आणि ही वाढ नाहीशी होते. न्यूट्रॉन व अल्फा कण यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत जातो. तेथे मात्रा विभागल्याने पेशीला अशी सवलत मिळत नाही.

पेशीपेशींतील वाटणीही निराळी असते. गॅमा किरणांनी झालेल्या विकृती प्वासाँच्या नियमाप्रमाणे विखुरतात. अल्फा कणांनी झालेल्या विकृती थोड्या पेशींत दाटतात व बाकीच्या पेशी कोऱ्या राहतात. केवळ सरासरीवर विसंबणाऱ्या निरीक्षकाच्या हातून ही खूण निसटते. अर्थात शरीराचा काही भागच किरणांत सापडला असताही असेच वितरण मिळते, हे विसरून चालणार नाही.

अपघातग्रस्ताच्या रक्तातील लसीकापेशींवरून मात्रा ठरविताना हा भेद निर्णायक ठरतो. निरोगी व्यक्तीच्या हजार पेशींत एखाददुसरेच द्विकेंद्री गुणसूत्र आढळते, त्यामुळे वाढ सहज ध्यानात येते. परंतु तेवढ्याच विकृती न्यूट्रॉनांच्या कितीतरी कमी मात्रेनेही होऊ शकतात. ३० सप्टेंबर १९९९ रोजी जपानमधील तोकाइमुरा येथे युरेनियमच्या द्रावणात अनियंत्रित विखंडन होऊन तीन कामगारांना न्यूट्रॉन व गॅमा किरण एकाच वेळी लागले. त्यांपैकी दोघे पुढे मरण पावले. तेथे गुणसूत्रांच्या गणनेखेरीज रक्तातील सोडियम-२४ चेही मापन करण्यात आले. रक्तातील साध्या सोडियमचे हे रूपांतर न्यूट्रॉनच घडवितात, गॅमा किरण नव्हेत. सूक्ष्मदर्शकाखालील तुटलेले गुणसूत्र, ते कोणत्या किरणाने तुटले, हे स्वतः सांगत नाही.