घाटकोपर : आपल्या उपनगराची ओळख

आपल्या मुलांना शाळेत युरोपच्या नद्या पाठ करायला लावतात, अमेरिकेतील शहरांची नावे नकाशावर दाखवायला सांगतात. परंतु आपण ज्या घाटकोपरात राहतो ते कसे वसले, येथे पूर्वी कोण राहत होते, आपले आजी-आजोबा येथे कसे आले, असे विचारले तर दहावीतला हुशार मुलगाही गप्प बसतो. यात मुलाचा काय दोष? आपणच त्याला कधी जवळ बसवून सांगितलेले नाही. माता रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास हाती घेण्यात आला आहे. जुन्या गल्ल्या जातील, नव्या इमारती येतील. अशा वेळी ही माहिती घराघरांत असणे अगत्याचे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

डोंगर आणि खाडी

मुंबईची उपनगरे ज्या भूमीवर उभी आहेत ते मूळचे साष्टी बेट. या बेटाच्या पूर्व अंगाला, मध्य रेल्वेवर विद्याविहार आणि विक्रोळी यांच्या मध्ये घाटकोपर आहे. पश्चिमेला असल्फा, भटवाडी, पार्कसाईट या बाजूचे डोंगर. पूर्वेला द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी, खारफुटी आणि मिठागरांची जमीन. म्हणजे एका बाजूस चढ व दुसऱ्या बाजूस दलदल. मधल्या सपाट पट्ट्यात बाजारपेठ, बंगले आणि सोसायट्या झाल्या. गरिबाच्या वाट्याला डोंगराचा उतार आला किंवा खाडीकडची खोलगट जागा आली.

या भूगोलाची किंमत आपण मोजली आहे. १२ जुलै २००० रोजी आझाद नगरात डोंगराची दरड झोपड्यांवर कोसळली आणि साठांहून अधिक माणसे मातीखाली गेली. १३ मे २०२४ रोजी छेडानगरजवळ पेट्रोल पंपावर भलामोठा जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. पाऊस आणि वारा सर्वांवर सारखाच येतो, पण मरण मात्र कुठे येते हे जागेवरून ठरते.

लेण्यांपासून लोहमार्गापर्यंत

उपनगरांचा इतिहास रेल्वेपासून सुरू होतो असे काहींना वाटते. तो समज चुकीचा आहे. बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरी येथे शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे तेथे भिक्खुसंघ नांदला. अंधेरीजवळ कोंडिविटे येथील लेणीही बौद्धच आहेत. आज लोक त्यांना महाकाली लेणी म्हणून ओळखतात. बोरिवलीच्या मागाठाणे येथेही बौद्ध लेणी आहेत. कान्हेरीला पाण्याची कोरीव टाकी पाहिली म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याची त्या काळची दृष्टी कळते. दान देणाऱ्यांत व्यापारी होते, तसे कष्टकरीही होते. कल्याणच्या एका लोहाराने वाट बांधून दिल्याचा शिलालेख तेथे आहे. सातवाहनांच्या काळातला हा साधा कारागीर. त्याने दान केलेल्या वाटेवरून उपासक चालले. आपल्या मुलांना सुट्टीत तेथे अवश्य न्यावे.

पुढे १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी साष्टी जिंकली. १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली ती याच बाजूने. त्या वेळी येथे आगरी, कोळी, कुणबी आणि ख्रिस्ती वस्तीची छोटी गावे होती. घाटकोपर आणि किरोळ ही दोन गावे मिळून पुढे नगरपालिका झाली. शेती, भाजीपाला, मीठ यावर लोक जगत. रेल्वेमुळे गुजराती व कच्छी व्यापारी कुटुंबे येऊन राहिली आणि पेठ वाढली.

१९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत वाढली व घाटकोपर मुंबईत आले. १९५७ मध्ये ती मुलुंड आणि दहिसरपर्यंत गेली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. त्यात कुर्ला, अंधेरी व बोरिवली असे तीन तालुके आहेत. आपण कुर्ला तालुक्यात मोडतो.

लोकसंख्या काय सांगते

२०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजारांवर होती. घाटकोपर व लगतचा भाग ज्या एन विभागात येतो, त्या एकट्या विभागात सहा लाखांहून अधिक लोक होते. याच जनगणनेत देशातील बौद्धांची संख्या ८४ लाख ४३ हजारांच्या घरात होती आणि त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार महाराष्ट्रातले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे हे फळ आहे. जनगणनेच्या वेळी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ अशी नोंद करा, असा आग्रह आपले कार्यकर्ते धरतात तो याचसाठी. जी संख्या कागदावर येत नाही, तिच्यासाठी कोणी योजना आखत नाही.

आपले लोक येथे का आले

गावकुसाबाहेरचे जिणे, हाताला काम नाही, नावावर जमीन नाही, त्यात १९७२ चा भीषण दुष्काळ. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र व कोकणातून माणसे बोचकी बांधून मुंबईत आली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पालिकेच्या सफाई खात्यात, बांधकामावर, मिळेल त्या कामाला लागली. शहरात जागा परवडेना म्हणून ती उपनगरात सरकली. ज्या जागेवर कोणी राहायला धजत नव्हते, तेथे भरणी टाकून त्यांनी झोपड्या उभ्या केल्या. डोक्यावर हंडे वाहून पाणी आणले. पोट भरताना विहारासाठीही वर्गणी काढली. ज्या माउलीने दारिद्र्य सोसून बाबासाहेबांच्या शिक्षणाला बळ दिले, तिचेच नाव वस्तीला दिले.

याच घाटकोपरच्या चिरागनगरात लोकशाहीर अण्णाभाऊ साठे राहिले. झोपडीतही साहित्य जन्म घेते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

या ठिकाणी परदेशातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाऊन नावाचे उपनगर वसवण्यात आले. एकसारखी सतरा हजारांहून अधिक घरे, प्रत्येकापुढे अंगण. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना ती परवडत. परंतु सुरुवातीच्या करारात स्पष्ट अट होती की गोऱ्यांखेरीज कोणी तेथे राहायचे नाही. देशासाठी लढलेल्या काळ्या सैनिकालाही ते दार बंद होते. तेथे कायदा व कराराने वेस घातली, आपल्याकडे जातीने घातली. ‘जागा देतो, पण आडनाव काय?’ हा प्रश्न भाड्याची खोली शोधताना आपल्यापैकी कितीजणांनी ऐकला असेल!

११ जुलै

११ जुलै १९९७ च्या सकाळी रमाबाई नगरातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातल्याचे आढळले. संतप्त लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण शहीद झाले, अनेक जखमी झाले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवनयात्रा संपवली. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने पोलीस अधिकारी मनोहर कदम याला जन्मठेप सुनावली, पण नंतर उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. या घटनेवर आनंद पटवर्धन यांनी ‘जयभीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला. दरवर्षी ११ जुलैला आपण अभिवादनाला जमतो. उपनगराचा इतिहास लिहायचा तर हे पान गाळता येणार नाही.

आता काय करावे

एमएमआरडीए व झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांच्या संयुक्त योजनेत सोळा हजारांहून अधिक कुटुंबांचे पुनर्वसन व्हायचे आहे. पक्के घर मिळणे ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या आयाबहिणींनी गटाराच्या पाण्यात किती पावसाळे काढले, हे आम्ही पाहिले आहे. परंतु घर कागदावर मिळते. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला मोफत, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्याला सशुल्क, असा नियम आहे. तेव्हा फोटोपास, जुनी मतदार यादी, वीजबिल, शिधापत्रिका एका पिशवीत नीट ठेवा. पावसापासून जपा. प्रत्येकाची झेरॉक्स काढून नातेवाइकाकडेही ठेवा. घर पती-पत्नी दोघांच्या नावे होते, हे बहिणींनी लक्षात ठेवावे आणि आपले नाव लागले की नाही ते स्वतः तपासावे.

दुसरी गोष्ट मुलांच्या शिक्षणाची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी कुटुंब कोठे राहत होते, याचा पुरावा मागतात. आजोबांचे गाव, तालुका, त्यांच्या शाळेचा दाखला ठाऊक नसेल, तर ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. अर्ज भरून द्यायला बसल्यावर आम्हाला हे वारंवार दिसते. मुलगा गुणवत्ता यादीत असतो आणि बाप गावाचे नाव आठवत बसतो.

म्हणून आमची एक विनंती आहे. या रविवारी घरातील वडीलधाऱ्यांना चहा देऊन जवळ बसा. ते कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणाचा हात धरून आले, पहिली झोपडी कुठे बांधली, पाणी कुठून आणले, ११ जुलैला ते कोठे होते, हे मुलांकडून वहीत लिहून घ्या. त्याची एक प्रत विहारात द्या. कल्याणच्या त्या लोहाराची वाट दगडावर कोरलेल्या एका ओळीमुळे आपल्याला समजली. आपल्या माणसांनी दलदलीत भरणी टाकून केलेली वाट आपल्या नातवंडांना समजायची असेल, तर ती ओळ आपणच लिहिली पाहिजे.

जयभीम!