कोणतं इंजिन?

जेट इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा दिसतो. बोइंग ७३७-४०० च्या इंजिनात त्याला ३८ पाती असतात आणि तो मिनिटाला सुमारे ५ हजार फेरे घेतो. त्यातल्या एका पात्याचा तुकडा उडाला, पक्षी आदळून पातं वाकलं किंवा पात्यांवर बर्फ कमीजास्त धरला, की तोल जातो आणि इंजिन थरथरायला लागतं. या थरथरीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे फेरे निम्मे केले, तर जोर चौथ्या हिश्शावर येतो. वैमानिकांचा पहिला उपाय याच गणितावर उभा आहे.

इंजिनाच्या कवचावरचे संवेदक ही कंपनं टिपतात आणि कॉकपिटमध्ये प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा दिसतो. ७३७ वर ही मोजणी ० ते ५ अशी असते. आकडा ४ च्या वर गेला आणि विमानही हादरायला लागलं, तर एक वैमानिक विमान सांभाळतो आणि दुसरा चेकलिस्ट काढतो. आधी ऑटोथ्रॉटल बंद करायचं, कारण ते आपणहून इंजिनाला इंधन वाढवत राहू शकतं. मग थरथरणाऱ्या इंजिनाची लिव्हर हळूहळू मागे घ्यायची. पण त्याआधी ती लिव्हर नेमकी त्याच इंजिनाची आहे, हे दोघांनीही बघून एकमेकांना बोलून सांगायचं. आकडा उतरला, तर इंजिन कमी ताकदीवर चालू ठेवता येतं. कारण बर्फाचं असेल, तर उपाय उलटा: काही क्षण ताकद वाढवून बर्फ झटकून टाकायचा.

या सगळ्यात घाई का नको, हे ८ जानेवारी १९८९ च्या रात्री इंग्लंडमध्ये कळलं. ब्रिटिश मिडलंड या विमान कंपनीचं ७३७-४०० लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघालं होतं. २८ हजार फुटांवर चढत असताना डाव्या इंजिनाच्या पंख्याचं पातं धातूच्या थकव्याने तुटलं. धडधड सुरू झाली, जळका वास आला, धूर आला. धूर प्रवासी कक्षातून येतोय असं कप्तानाला वाटलं आणि विमानाच्या हवेच्या व्यवस्थेबद्दलच्या आपल्या माहितीवरून त्यांचा संशय उजव्या इंजिनावर गेला. सहवैमानिकही उजवंच म्हणाले. ऑटोथ्रॉटल काढलं, उजवी लिव्हर मागे घेतली आणि काही सेकंदांत हादरे कमी झाले. निदान बरोबर ठरलं, असंच कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात ऑटोथ्रॉटल सुटल्यामुळे डाव्या इंजिनाला जास्तीचं इंधन मिळणं थांबलं होतं आणि म्हणून ते तात्पुरतं शांत झालं होतं. उजवं, धडधाकट इंजिन मग पूर्ण बंद केलं गेलं.

डाव्या इंजिनाचा कंपनदर्शक त्या वेळी टोकाला गेलेला होता. पण या नव्या विमानात तो फार लहान होता आणि जुन्या विमानांतले असे दर्शक बेभरवशाचे म्हणून वैमानिक त्यांच्याकडे फारसं बघत नसत. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो: खरं उत्तर समोरच्या पॅनलवर होतं, पण त्याच्याकडे बघायची सवय कुणी लावलेली नव्हती. घडलेलं पुन्हा तपासायला कप्तानांनी सुरुवात केली होती, तेवढ्यात रेडिओवरचं बोलणं मध्ये आलं आणि ते अर्धवट राहिलं.

ईस्ट मिडलंड्स विमानतळावर उतरताना ताकद वाढवताच डावं इंजिन बंद पडलं. धावपट्टी समोर असतानाच विमान केगवर्थ गावाजवळ एम१ महामार्गाच्या भरावावर आदळलं. १२६ जणांपैकी ४७ जणांचा जीव गेला. डाव्या बाजूच्या काही प्रवाशांनी त्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या. कप्तानांनी उजवं इंजिन बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांना ते विसंगत वाटलंही. पण वैमानिकांना माहीत असणारच, असं समजून कुणी ते पुढे कळवलं नाही.

म्हणून आता वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांचं काही प्रशिक्षण एकत्र होतं. बाहेर काय दिसतंय, हे केबिनमधून इंटरकॉमवर सांगितलं जातं आणि वैमानिकही ते विचारतात. सांगणारी व्यक्ती मागे तोंड करून उभी असली, तरी डावं-उजवं मात्र विमानाच्या दिशेनेच सांगायचं असतं.