पुठ्ठ्याचें बोरीबंदर

गणपतीची आरास हा आमच्या नेरूळच्या घरांत दरवर्षीं आषाढापासूनच वादाचा विषय असतो. गेल्या वर्षीं मात्र नातवंडांचें लवकर एकमत झालें. बोरीबंदर स्टेशनची प्रतिकृति करावयाची! त्या स्टेशनाचें आजचें नांव छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. परंतु आमच्या पिढीच्या तोंडीं बोरीबंदर हेंच बसलेलें आहे, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. थर्माकोलच्या आराशीस २०१८ सालीं महाराष्ट्रांत बंदी झाली. तेव्हां पुठ्ठा, जुन्या लग्नपत्रिका आणि गव्हाच्या पिठाची खळ, एवढीच सामग्री. खळींत चिमूटभर मोरचूद घातला म्हणजे झुरळें फिरकत नाहींत. हात मात्र साबणानें धुवावेत.

मुलांच्या मनांत समोरून शोभेल एवढेंच करावयाचें होतें. पण आमचे थोरले बंधू, ज्यांस घरांतील सर्वजण दादा म्हणतात, त्यांनीं बेत बदलला. मध्य रेल्वेच्या हिशेबखात्यांत त्याच इमारतींत त्यांनीं तीस वर्षें लेखणी चालविली. १९९२ सालीं वाशीच्या खाडीवरील रेल्वेचा पूल सुरू झाला, आम्ही इकडे राहावयास आलों, आणि पुढील सर्व वर्षें त्यांनीं त्या पुलावरून जा-ये केली. आतां काचबिंदूनें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली आहे. बेत ऐकून ते इतकेंच म्हणाले, "करा, पण बरोबर करा. मला हात लावून पाहावयाचें आहे." म्हणजे बाजवा आल्या, आंतला चौक आला, खिडक्यांच्या खोबणी आल्या. रंगवून भागणार नव्हतें.

ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यानें योजिली. १८७८ च्या मे महिन्यांत काम सुरू झालें, तें दहा वर्षांनीं, १८८८ सालीं पुरें झालें. स्टीव्हन्सचें नांव सर्वांस ठाऊक असतें. त्याच्या हाताखालीं सीताराम खंडेराव वैद्य नांवाचे आपले एक अभियंते होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मलाहि या निमित्तानेंच कळलें. भिंतींवरील पानें-फुलें व पशुपक्षी यांच्या नक्षींत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. २००४ सालीं युनेस्कोनें तिची जागतिक वारशांत गणना केली.

आतां प्रमाण. संस्कृतांत या शब्दाचे दोन अर्थ आहेत, माप आणि पुरावा. आणि आमच्या कामांत ते दोन्ही एकमेकांच्या गळ्यांत पडले. खेळण्यांतल्या आगगाड्या जगभर बहुधा १:८७ या प्रमाणांत करतात. पुण्यास कोथरूडला भाऊ जोशी यांचें लघु रेल्वेचें संग्रहालय पाहून आलेला नातू त्याचाच हट्ट धरून बसला होता. मीं हिशेबाच्या सोयीसाठीं १:१०० घेतलें. इमारतीची लांबी सुमारें ३३० फूट, ती साडेतीन फुटांच्या आंत बसली. फलाटांची लांबी सुमारें १२०० फूट; ते बारा फूट झाले असते आणि स्वयंपाकघरांत शिरले असते. सूनबाईंनीं तेथेंच लाल निशाण दाखविलें. आमची गणपतीची मूर्ति नऊ इंची. या प्रमाणांत ती पंचाहत्तर फुटांची होते, हें मुलांनीं हिशेबानें काढलें आणि देवाविषयींचा त्यांचा आदर एकदम वाढला!

इमारतीचे नकाशे आमच्याजवळ नव्हते. होता तो समोरच्या रस्त्यावर नेमकें मध्यावर उभें राहून काढलेला फोटो. त्यांत एका वस्तूचें माप ठाऊक होतें. दर्शनी घड्याळाचा व्यास दहा फूट सहा इंच आहे. मग घड्याळाच्या मानानें खिडकी केवढी, कमान केवढी, मनोरा केवढा? हें शुद्ध त्रैराशिक, लीलावतींतलें. आमचें घड्याळ ३२ मिलिमीटरांचें, दहा रुपयांच्या नाण्याहून थोडें मोठें झालें. माणूस सतरा मिलिमीटरांचा. शिखरावरची प्रगतीची मूर्ति मूळची सोळा फुटांवर आहे. १९६९ सालीं तिच्यावर वीज पडली होती, पुढें ती दुरुस्त करण्यांत आली. ती सूनबाईंनीं शाडूची पांच सेंटिमीटरांची केली. उजव्या हातांत मशाल म्हणून काडेपेटीची काडी, डाव्या हाताशीं आऱ्यांचें चाक. फाटकाच्या खांबांवर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ आहे. आमच्या धाकट्या नातीचा वाघ मांजराकडे झुकला, पण तो तसाच ठेविला.

घुमटानें रडविलें. तो अष्टकोनी आहे. प्रथम मुलांनीं आठ त्रिकोण कापून जोडले, तेव्हां रावटी झाली. घुमट बाहेरच्या बाजूस फुगतो, म्हणून प्रत्येक पाकळीची रुंदी दर उंचीला निराळी काढावी लागते. समोरासमोरच्या दोन बाजूंत जेवढें अंतर, त्याच्या ०.४१४ पट अष्टकोनाची बाजू. दर अर्ध्या सेंटिमीटरावर हा गुणाकार करून खुणा केल्या, त्या गोलसर रेषेनें जोडल्या, मग लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या आठ पाकळ्या कापल्या. सांध्यांवर सुतळीच्या फांसळ्या चिकटविल्या. चहाच्या पाण्यानें पिवळसर दगडाचा रंग आला.

हरितालिकेच्या आठ दिवस आधीं दादांस आणून बसविलें. त्यांनीं मनोऱ्यांवरून, कमानींवरून सावकाश बोटें फिरविलीं. घड्याळ चांचपलें. घुमटावर हात ठेविला आणि तेथेंच थांबले.

"हा बसका आहे."

मुलें हिरमुसलीं. फोटोवरून मापें घेतलीं आहेत, असें त्यांनीं सांगितलें. आणि मीहि त्यांचीच बाजू घेतली, हें कबूल केलें पाहिजे. दादा चिडले नाहींत. "घुमटाखालचा तो मोठा जिना रोज चढत होतों," ते म्हणाले. "वर पाहावयाचें तर मान इतकी मागें न्यावी लागे कीं, चष्मा कपाळावर येई. याखालीं तसें होणार नाहीं."

रात्रीं मला झोंप येईना. पहाटे चूक सांपडली. घड्याळ दर्शनी भिंतींत आहे आणि घुमट तिच्या बराच मागें! मागची वस्तु फोटोंत लहान उतरते, आणि मीं दोहोंस एकच माप लाविलें होतें. चाळीस वर्षें मुलांस समरूप त्रिकोण शिकविणारा मास्तर पुठ्ठ्यापुढें नापास झाला. मोठ्या नातवास घेऊन पहिल्या लोकलनें बोरीबंदरला गेलों, फोटो घेतलेल्या जागेपासून दर्शनी भिंतीपर्यंत पावलें मोजलीं, बाजूनें फिरून घुमट किती मागें आहे त्याचा अंदाज केला. हिशेबानें घुमट सुमारें एक षष्ठांशानें वाढवावा लागत होता. जुना काढून टाकतांना नातवाच्या डोळ्यांत पाणी आलें. नवा चार दिवसांत झाला.

दादांनीं पुन्हां हात ठेविला. या वेळीं कांहीं बोलले नाहींत. बोटें घुमटावरून खालीं, मग डावीकडच्या बाजूवर गेलीं, आणि ते वरच्या मजल्यावरील खिडक्या एकेक करून मोजूं लागले. एका खिडकीवर थांबून त्यांनीं नातवास विचारलें, "ही उघडी करतां येईल का रे? मी सकाळीं आल्याबरोबर उघडीत असें."

नातवानें पातें आणलें. विसर्जनानंतर सर्व आरास माळ्यावर गेली. बोरीबंदर मात्र दादांच्या खोलींतल्या मेजावर आहे, आणि त्या एका खिडकीचें दार, नखाएवढें, बाहेरच्या बाजूस उघडलेलें आहे.