किल्ली फिरवली की पेटणारे दिवे

मोटारीत बसून किल्ली फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. समोरच्या पट्टीवर एकदम आठ-दहा लहान दिवे पेटतील. काही लाल, काही पिवळे. दोन-चार सेकंदांत त्यांतले काही आपोआप विझतात, उरलेले इंजिन सुरू झाल्यावर विझतात. रोज गाडी चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही दिवाळी शेकडो वेळा पाहिलेली असते. ती कशासाठी असते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

या पट्टीला आपण डॅशबोर्ड म्हणतो. हा शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. धावत्या घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक फळी लावत, ती डॅशबोर्ड. घोडा गेला, त्याच्या जागी इंजिन आले, फळी मात्र राहिली आणि तिच्यावर तबकड्या बसल्या.

आता त्या दिवाळीकडे वळू. समजा, एखादा दिवा धोका असेल तरच पेटतो. मग तो पेटलेला नसणे याचे दोन अर्थ होतात: सगळे ठीक आहे, किंवा दिवाच गेला आहे. हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे कसे करायचे? उपाय सोपा आहे. रोज एकदा, मुद्दाम, सगळे दिवे पेटवून दाखवायचे. किल्ली फिरवल्यावर जो दिवा पेटलाच नाही, तोच खरी तक्रार करतो आहे. जुनी गाडी विकत घेताना एअरबॅगचा दिवा याच वेळी पाहावा. (बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगा असे त्याचे चित्र असते.) तो पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो पेटलाच नाही तर एअरबॅग बिघडलेली असण्याची आणि ते लपवण्यासाठी कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असण्याची शंका घ्यावी. अपघातात फुगा उघडेल की नाही, हे त्या क्षणापर्यंत दुसऱ्या कोणत्याही खुणेवरून कळत नाही.

रंगांचा संकेत जगभर जवळजवळ एकच आहे. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे बिघाड आहे, लवकर दाखवून घ्या. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात. निळा दिवा समोरचा झोत वर असल्याचे सांगतो. आपल्या रस्त्यांवर तो किती जणांना दिसतो, हा प्रश्नच आहे.

लाल दिव्यांपैकी सर्वांत जास्त गैरसमज ऑईलच्या दिव्याबद्दल आहे. त्याचे चित्र तेलाच्या झारीचे असते आणि तोटीतून एक थेंब पडत असतो. ‘ऑईल कमी झालंय, पुढच्या पंपावर घालू’ असे म्हणून लोक गाडी तशीच पुढे नेतात. पण हा दिवा ऑईल किती आहे ते मोजतच नाही. तो मोजतो ऑईलचा दाब. इंजिनाच्या अंगावर एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्यात एक पातळ पडदा असतो. पडद्यावर दाब नसेल तेव्हा स्विच जोडलेला असतो आणि दिवा पेटतो. दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण एकतृतीयांश ते निम्म्याइतका वाढला, की पडदा मागे ढकलला जातो, परिपथ तुटतो आणि दिवा विझतो. एवढेच याचे यंत्र.

इंजिनातले फिरते दांडे आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर असतो. दाबाखाली सतत येणाऱ्या ऑईलमुळे तो टिकतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते. चालत्या गाडीत हा दिवा पेटला तर पंप गाठेपर्यंत थांबायचे नसते. रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे. कधी कधी तीव्र वळणावर हा दिवा क्षणभर चमकून विझतो. ऑईल खरोखरच कमी झालेले असते, वळणावर ते एका बाजूला सरकते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. ही चमक म्हणजे फुकट मिळालेली सूचना आहे. पातळी पाहायची तर बॉनेट उघडून डिपस्टिकच काढावी लागते.

शेजारचा लाल दिवा बॅटरीच्या चित्राचा. यातला विचार वर्गात शिकवण्यासारखा आहे. जुन्या, साध्या पद्धतीत या दिव्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे जनित्राच्या धन टोकाला जोडलेले असते. इंजिन बंद असताना जनित्राकडून काहीच विभव येत नाही. मग बॅटरीकडून १२ व्होल्ट आणि पलीकडे जवळजवळ शून्य, म्हणून प्रवाह वाहतो आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू झाले की जनित्र सुमारे १४ व्होल्ट देऊ लागते आणि बॅटरीही त्याच विभवावर येते. आता दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच विभव असतो. विभवांतर नाही, तर प्रवाह नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी वीज येत असूनही दिवा विझतो!

हे दाखवायला टॉर्चचे दोन सारखे सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि तीन वायरी पुरतात. दोन्ही सेलची ऋण टोके वायरीने जोडा. दोन्ही धन टोकांच्या मध्ये बल्ब जोडा. बल्ब पेटत नाही. आता एक सेल काढून घ्या आणि त्याच्या जागी नुसती वायर लावा. बल्ब पेटेल. (सेल जागेवर असताना ही वायर लावू नका, सेल तापेल.) बहुतेक मुलांचा पहिला अंदाज नेमका उलटा असतो: दोन सेल असताना जास्त प्रकाश, एक असताना कमी. तो अंदाज त्यांना आधी फळ्यावर लिहायला सांगावा.

या दिव्याचे आणखी एक काम आहे. जुन्या जनित्रांत सुरुवातीचे चुंबकत्व निर्माण करायला जो थोडा प्रवाह लागतो, तो याच दिव्यातून जातो. दिवा उडाला तर जनित्र कामाला लागायलाच कधी कधी तयार होत नाही. आताच्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करते.

तापमानाचा काटा थोडा लबाड आहे. इंजिनाभोवतीच्या पाण्यात एक संवेदक बुडवलेला असतो. तो अशा पदार्थाचा असतो, की तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो. साध्या तारेच्या नेमके उलट. खोलीच्या तापमानाला हा रोध दोन-अडीच हजार ओहम असेल, तर उकळत्या पाण्यात तो दोनशेच्या आसपास येतो. त्यावरून काटा हलतो. पण काटा जरा वर सरकला की लोक घाबरून गॅरेजमध्ये येतात, असा कारखानदारांचा अनुभव. म्हणून अनेक गाड्यांत साधारण ७५ ते १०५ अंश सेल्सियसपर्यंत काटा मुद्दामच मध्यावर थोपवून धरलेला असतो. त्याच्यापुढे गेला की झपाट्याने चढतो. काटा मध्यावर आहे म्हणजे तापमान स्थिर आहे, असे म्हणता येत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. गळतीने सगळे पाणी निघून गेले, तर संवेदक कोरड्या हवेत लोंबकळत राहतो. हवा पाण्याइतक्या चांगल्या रीतीने त्याला उष्णता देत नाही. मग इंजिन भाजून निघत असताना काटा खालीच दिसू शकतो.

उन्हाळ्यात कसारा घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आपण पाहतो. चढावर इंजिनाला कष्ट जास्त आणि वेग कमी, म्हणून रेडिएटरमधून जाणारा वारा कमी. अशा वेळी लाल दिवा पेटला तर गाडी थांबवावी, पण रेडिएटरचे झाकण उघडू नये. का, ते आकडेमोडीने पाहू. झाकणामुळे आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून प्रेशर कुकरप्रमाणेच आतले पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे १२० पर्यंत तग धरते. समजा ते ११० अंशांवर आहे. झाकण उघडले की दाब उतरतो आणि पाण्याला १०० वर यावे लागते. एक किलो पाण्यातून १० अंशांची, म्हणजे सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि तिच्यामुळे जवळजवळ १९ ग्रॅम पाण्याची वाफ होते. १९ ग्रॅम म्हणजे चार चमचेच. पण या वाफेचे आकारमान होते ३० लिटरच्या वर, आणि हे एक किलो पाण्याचे झाले! ही वाफ उकळते पाणी घेऊन तोंडावर येते. अर्धा तास थांबणे परवडते.

आता पिवळ्या दिव्यांपैकी एक, इंजिनाच्या चित्राचा. याचा उगम अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या धुरक्यात आहे. लॉस एंजेलिसची हवा मोटारींच्या धुराने खराब होत होती. नवी गाडी स्वच्छ असते, पण चार वर्षांनी तिच्यातला एखादा भाग बिघडला तर चालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून गाडीनेच स्वतःची तपासणी करावी असा नियम झाला, आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना तो लागू झाला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा मानके लागू झाली, त्यांतही ही स्वयंतपासणी आहे. म्हणजे हा दिवा मुळात तुमच्या इंजिनाच्या काळजीपोटी आलेला नाही. तो तुमच्यामागून येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांसाठी आहे.

हा दिवा नुसता पेटून राहिला तर त्या आठवड्यात गाडी दाखवावी. तो उघडझाप करू लागला तर मात्र पायाखालचा जोर लगेच कमी करायचा. उघडझाप म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही किंवा इंधन पेटत नाही. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतल्या उत्प्रेरकापर्यंत जाते आणि तिथे जळते. उत्प्रेरक इतका तापतो, की त्याची चिनी मातीसारखी जाळी वितळू शकते. तो भाग महाग असतो.

कोणता सिलिंडर चुकला हे संगणकाला कसे कळते? सिलिंडरच्या आत डोकावणारे काहीच नसते. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक दातेरी चक्र असते. पुष्कळ गाड्यांत ६० दात्यांची जागा आखून त्यांतले दोन गाळलेले असतात. ती मोकळी जागा म्हणजे मोजणीची सुरुवात. मिनिटाला ३००० फेरे असतील तर एका फेरीला २० मिलिसेकंद आणि एका दात्याला एक मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. प्रत्येक स्फोटाबरोबर दांड्याला किंचित धक्का मिळतो आणि दाते थोडे लवकर येतात. एक स्फोट हुकला की त्या वेळचे दाते उशिरा येतात. कोणते दाते उशिरा आले यावरून सिलिंडरचा क्रमांक निघतो. पहिल्या सिलिंडरसाठी संगणक ‘पी-०३०१’ असा संकेत लिहून ठेवतो आणि गॅरेजमधल्या यंत्रावर तो वाचता येतो. इथे एक सांगावेसे वाटते. संकेत तक्रार कुठली आहे ते सांगतो, दोषी कोण ते नाही. ठिणगी प्लग, कॉइल, इंधनाचा फवारा, यांपैकी काहीही असू शकते. संकेत वाचून लगेच एक सुटा भाग बदलणारा मेकॅनिक आणि ताप पाहून लगेच इंजेक्शन देणारा डॉक्टर, दोघांची पद्धत एकच.

टायरच्या हवेचा पिवळा दिवा आता पुष्कळ गाड्यांत दिसतो. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर अमेरिकेत २००० साली कायदा झाला, त्यातून हा दिवा रूढ झाला. काही गाड्यांत प्रत्येक चाकात दाबमापक असतो. काहींत नसतो, आणि तिथली युक्ती गमतीची आहे. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित कमी होते, म्हणून तेवढ्याच अंतरात ते इतरांपेक्षा थोडे जास्त फेरे घेते. ब्रेकसाठी बसवलेले संवेदक हे फेरे मोजतच असतात. अर्थात चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर नुसत्या तुलनेतून काहीच कळणार नाही.

हा दिवा हिवाळ्यात पहाटे पेटतो आणि दुपारी विझतो, तेव्हा तो बिघडला आहे असे समजू नये. नाशिकला दुपारी टायरमधली हवा ३५ अंशांवर असताना ३२ पौंड भरली. पहाटे तापमान १० अंश. मापकावरचे ३२ म्हणजे वातावरणाचा दाब धरून ४६.७. निरपेक्ष तापमान ३०८ वरून २८३ वर आले. ४६.७ ला २८३ ने गुणून ३०८ ने भागा, उत्तर सुमारे ४२.९ येते. त्यातून वातावरणाचे १४.७ वजा केले, की उरतात २८.२. एक कणही हवा न गळता जवळजवळ चार पौंड कमी! विद्यार्थी १४.७ मिळवायला हमखास विसरतात आणि त्यांचे उत्तर २९.४ येते.

अलीकडच्या गाड्या दिव्यांबरोबर शब्दांत आणि आवाजातही बोलतात. १ जुलै २०१९ नंतर आपल्याकडे तयार झालेल्या मोटारी ताशी ८० किलोमीटर ओलांडले की मधूनमधून आणि १२० ओलांडले की सतत पिंपिंप करतात. पडद्यावरचा ‘अजून इतके किलोमीटर जाता येईल’ हा आकडा मात्र मोजमाप नसून भाकीत असते. टाकीत १० लिटर आहेत आणि मागच्या काही अंतरात लिटरला १५ किलोमीटर पडले, म्हणून १५०. घाट चढू लागल्यावर सरासरी १० वर आली की पाच-सहा किलोमीटरांतच तोच आकडा शंभराच्या खाली येतो, आणि उतरताना पेट्रोल न भरताच पुन्हा वाढतो.