आजीचं नाव कुठल्या कागदावर आहे?

मैत्रिणींनो, ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहायचं ठरवलं की जातीचा दाखला आणि पडताळणी लागते. जात जन्माने ठरते, म्हणून पुरावे माहेरचेच द्यावे लागतात. सासरचे चालत नाहीत. निवडणूक तोंडावर आल्यावर पळापळ करण्यापेक्षा आताच शोधायला लागा.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून करा. मूळ गाव कुठलं? पणजोबांना भाऊ किती? आडनाव बदललं का? साल आठवत नसेल तर खूण विचारा. "आत्या, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालेलं का?" भूकंप डिसेंबर १९६७ चा, म्हणजे अंदाज लागला. आपल्या भागात हेळवी येतात, त्यांच्या वहीत घराण्याच्या पिढ्या असतात. ते आले की सूपभर धान्य द्याच, पण नावंही उतरवून घ्या.

आता कागद. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यामुळे गावची मराठी शाळा जुनी असेल तर तिच्या जनरल रजिस्टरात आजोबा-पणजोबांचं नाव, जात, जन्मतारीख मिळू शकते. दुसरा कागद म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४. त्यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. तहसीलदार कचेरीच्या अभिलेख कक्षात चौकशी करा. तिसरा, जमिनीचे जुने सातबारा आणि फेरफार. संस्थानकाळचे दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे. जुनी अक्षरं मोडी असतील तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या.

अर्ज लेखी द्या. गाव, पूर्ण नाव, अंदाजे साल लिहा आणि सही-शिक्क्याची नक्कल मागा. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असतात, म्हणून बापाचं नाव आणि गट नंबर जुळतोय का बघा. मूळ कागदावर खाडाखोड करू नका आणि 'नोंद मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

शोधताना एक गोष्ट लक्षात येईल. वंशावळीत बापे सगळे असतात, बाया नसतात. पण आजोबा वारल्यावर झालेल्या वारस नोंदीचा फेरफार काढून बघा, तिथं विधवा म्हणून आजीचं आणि मुली म्हणून आत्यांचं नाव असू शकतं. तुमच्या वडिलांमागं झालेल्या फेरफारात तुमचं नाव लागलंय का, तेही त्याच फेरीत बघून या. तो तुमचा हक्क आहे.

पुढच्या मिटिंगला प्रत्येकीनं वहीच्या एका पानावर माहेरच्या चार पिढ्या लिहून आणा. आई, आजी, पणजी यांची नावं आधी लिहा. ती सांगणारं माणूस आहे तोवरच हे काम होतं.